वीस पट्ट्यांचा पंचनामा

सेलूतील एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात नागसेन अकरा वर्षे हंगामी सहायक होता. त्याला कायम करण्याची फाईल याच महिन्यात प्राचार्यांपुढे जायची होती. तोवर नावावर ठपका येऊ नये, एवढीच त्याची विवंचना. नेमके त्या सोमवारी वीसही संगणकांच्या पडद्यांवरची खालची पट्टी, मेनू आणि घड्याळ असलेली, नाहीशी झाली.

कारण त्याला अर्ध्या तासात उमगले. सगळी यंत्रे सर्व्हरवरच्या एकाच सामायिक खात्यावर चालत. तिथली जागा काठोकाठ भरली होती, आणि त्यात पडद्याच्या मांडणीची फाईल कोरी झाली होती. तो दुरुस्तीला बसणार, तोच भांडारपाल सरिताबाई दारात उभ्या.

"थांबा नागसेनभाऊ! गहाळ वस्तूले चौकशीआधी हात लावायचा नाई."

"मॅडम, वस्तू नाई ते. नुसतं चित्र आहे."

"मंग शनिवारी होतं, आज काऊन नाई? वीस नग गेले!"

समिती नेमली गेली. अध्यक्ष देवेंद्र सर. पंच म्हणून सफाईवाल्या तानबाला बोलावले. त्याने काचेवर बोट ठेवून साक्ष दिली, "इथंच होती जी. म्या रोज पुसत होतो."

"चावी कोणापाशी राह्यते?" सरांनी विचारले.

"माझ्यापाशी," नागसेन म्हणाला. सरिताबाईंनी ते अधोरेखित केले. संस्थेला कारणापेक्षा माणूस लवकर सापडतो.

गुरुवारी सरांनाच संगणकाची निकड भासली, तेव्हा 'शोधकार्याची' लेखी परवानगी मिळाली. नागसेनने खात्यातल्या जड फाईली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या, मांडणीची जुनी प्रत जागी ठेवली आणि यंत्रे पुन्हा सुरू केली. वीसही पट्ट्या हजर.

"जागा कशानं भरली होती?" सरांनी दरडावले.

"तुमच्या सत्काराच्या शूटिंगनं, सर. सतरा प्रती आहेत."

सरांनी समोरची वही मिटली. सरिताबाईंनी मात्र अहवाल पुरा केला: 'नागसेन यांनी पट्ट्या परत आणून दिल्या.' "करा सही."

"नेलं असन त्यानं परत आणावं, मॅडम. मी सही नाई करत."

"कायम व्हायचं आहे ना भाऊ तुमाले?"

"आहे. पण चोर म्हणून नाई."

सरांनी अहवाल ओढून घेतला आणि त्यात सत्काराचा उल्लेख नाही ना, हे पाहिले. मग म्हणाले, "खोडा ते. लिहा, पट्ट्या स्वखुशीने परतल्या."

वाक्य खरे नव्हते. पण त्याने कोणा माणसाला चोर ठरवले नव्हते. नागसेनने ते दोनदा वाचले आणि सही केली.