गाण्यात आलेले साहेब

पुण्याच्या स्टुडिओत काय घडले, ते मी पाहिलेले नाही. प्रतीक आणि काजल, म्हणजे माझ्या निमोण्याच्या मामाची मुले, जे सांगतात त्यातले दोघांचे जुळते तेवढेच इथे घेते आहे. घरात दोन कलाकार असले की किस्से साचत जातात आणि दर दिवाळीला थोडे फुगतातही!

प्रतीक कीबोर्ड वाजवतो, काजल गाते. एखाद्या म्युझिक कंपनीने आपल्या गाण्यांचा करार करावा, एवढीच दोघांची आस.

पहिले रेकॉर्डिंग झाले प्रतीकच्या सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. ऐन तानेत शेजारचा बिहारी कामगार दारातून डोकावला आणि अदबीने म्हणाला, “भैया, कंबल का क्या रेट है?”

ते रेकॉर्डिंग घेऊन दोघे कंपनीत गेले. तिथल्या मॅडमनी विचारले, “फॉलोअर्स किती?”

“निमोण्यात कुनालाबी इचारा की!” प्रतीक म्हणाला.

“ऑनलाइन म्हणतेय मी.”

“तिथं रेंज न्हाई, मॅडम.”

तेव्हा दोघे शिरूर-दौंडच्या लग्नांत गात. तिथला रिवाज पक्का : मांडवात मानाचा माणूस शिरला की गाणे तोडायचे नाही, दोन ओळींच्या मध्ये त्याचे स्वागत बसवायचे. काजलची एक नजर कायम कमानीवर. एकदा शिरूरला एका माजी सरपंचांचे नाव राहिले. ते उठून बाहेर गेले आणि पुन्हा आत आले!

अखेर कंपनीने पुण्याच्या स्टुडिओत चाचणी-रेकॉर्डिंगला बोलावले. काजल रंगात आली असताना काचेपलीकडचे दार उघडून मालक आत आले. तिने ताल न सोडता म्हटले, “आत्ताच साहेबांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत!” आणि थेट अंतऱ्यावर!

“ताई, तोंडातनं आपसूक गेलं गं,” ती सांगते. “आन् दादानं मागनं कीबोर्डवर तुतारीबी वाजवली!”

मालक एवढेच म्हणाले, “कळवतो.”

शेवटचे मात्र मी स्वतः पाहिले. गेल्या लग्नसराईत दौंडच्या एका कार्यालयात आम्ही तिघे पाहुणे म्हणून जेवत होतो. स्पीकरवर काजलचे ते चाचणीतलेच गाणे लागले. दोघांचे घास हातात राहिले. मग तुतारी वाजली, स्वागत झाले आणि नवरदेवाचे वडील शाल-श्रीफळ घेऊन कमानीकडे धावले. तिथे कुणीच नव्हते.

प्रतीक स्पीकरवाल्याकडे गेला. “हे कुठनं आणलं?”

“सगळीकडं हेच चालू हाय की, दादा! कोन गातंय म्हाईत न्हाई.”

कंपनीने अजून कळवलेले नाही.