आधी लिहा, मग उचलते

तिला सगळे मुकादमीण म्हणत. खरा मुकादम वेगळाच होता आणि तो तिला टरकून असायचा. शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता गेली एकवीस वर्षं ती झाडत होती. माझं घर त्याच रस्त्यावर आणि नोकरी वॉर्ड ऑफिसात, कारकुनाची. म्हणून तिची गोष्ट सांगायचा हक्क मला आहे, आणि थोडी लाजही माझ्याच वाट्याची आहे.

पहाटे साडेचारला ती यायची. पाचोळ्याला लांब खराटा, काचेला आखूड केरसुणी आणि शेवटी ओलं गोणपाट रस्त्यावरून ओढत न्यायची. डोळ्यांना न दिसणारा काचेचा चुरा ओल्या गोणपाटाला चिकटतो. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पलीकडचा रस्ता तिची भावजय झाडायची. एकदा बाटलीची काच तिच्या चपलेतून आरपार गेली, जखम चिघळली आणि पायाची दोन बोटं कापावी लागली. गोणपाट तेव्हापासूनचं. "पोरं मधल्या सुट्टीत अनवाणी पळतात," एवढंच मुकादमीण म्हणायची.

पूर्वी शाळेजवळ दारूचं दुकान चालत नसे. मग नियम बदलला. अंतराची अट गेली आणि किराणा दुकानांनाही वर्षभराचा तात्पुरता परवाना मिळू लागला. त्यामुळे काय काय वाढेल याची लांबलचक यादी वरून आलेल्या कागदात होती. काच तेवढी त्यात नव्हती. तिच्या रस्त्यावर चार दुकानं झाली आणि रोज अर्धी भरणारी गोणी आता दोनदा रिकामी करावी लागू लागली.

तिने तक्रारीचा अर्ज दिला. लिहून मीच दिला. पाहणी झाली ती सकाळी अकराला, कारण साहेब त्याआधी खुर्ची सोडत नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांच्या सांगण्यावरून मी अहवाल लिहिला. रस्ता स्वच्छ आढळला, तक्रारीत तथ्य नाही.

ऑफिसच्या जिन्यात मी तिला तो वाचून दाखवला.

"म्हणजे मीच पुसलं होय सगळं," ती म्हणाली. "माझ्या हातांनी."

"मावशी, साहेबांना जे दिसलं ते लिहिलं."

"आणि तुला? तुझ्या तर दारातून उचलते मी."

आमच्या ऑफिसात आळीमिळी गुपचिळी हाच धर्म, आणि मी त्यातला जुना भक्त.

वर्ष संपत आलं. परवाने कायम करण्याआधी शेवटची पाहणी ठरली. आदल्या दिवशी मुकादम तिला बजावून आला, "उद्या रस्ता आरशासारखा पाहिजे."

"होईल की," ती म्हणाली.

आणि झालाही. अकराला आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर एक पान नव्हतं. फक्त चारही दुकानांच्या उंबरठ्यांना लागून फुटक्या बाटल्यांचा एकेक ढीग होता, ज्याचा त्याच्या दारात. कुणा पोराने हात लावू नये म्हणून ती सकाळपासून तिथेच राखण करत उभी होती.

"हे उचललं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"झाडलंय. उचलायचं राहिलंय."

"मग उचला."

"आधी लिहा, मग उचलते."

एक दुकानदार बाहेर आला. "साहेब, आम्ही फक्त विकतो. फोडत थोडेच बसतो?"

"मी तरी कुठे पिते, दादा?" ती म्हणाली. "पण उचलते मीच ना."

मुकादम तिच्या कानाशी लागला. "अगं, दोन वर्षं राहिली तुझी. हातातल्या नोकरीवर पाणी सोडतेस का?"

"भावजय माझी भिंत धरून चालते. तिला जाऊन विचार कशावर पाणी सोडलं ते."

साहेबांचा पारा चढला. "उद्यापासून कामावर यायचं नाही. निलंबित."

"नाही येत. खराटा फाटकाला टेकवून जाते. साडेचारला या, आणि गोणपाट भिजवून घ्या."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा, रस्ता स्वच्छ."

आता सगळे माझ्या पेनाकडे बघत होते, तीसुद्धा. मी लिहिलं, चार परवानाधारक दुकानांच्या दारात आज सकाळी झाडून गोळा केलेले फुटक्या बाटल्यांचे ढीग आढळले.

साहेबांनी वाचलं. "हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही साहेब. दिसलं." मी म्हणालो.

त्यांनी सही केली नाही. कागद माझ्या एकट्याच्या सहीने वर गेला. मुकादमीण मात्र माझं लिहून होताच वाकून चारही ढीग उचलायला लागली होती. शब्द म्हणजे शब्द.

तिच्या जागी यायला एकही झाडूवाली तयार होईना. भावजयीचा पाय सगळ्यांनी पाहिलेला. तीन दिवस रस्ता तसाच राहिला आणि इतकी वर्षं तिथे काय पडत होतं ते पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. शाळेच्या बाईंनी पोरांना मधल्या सुट्टीत वर्गातच बसवलं आणि ऑफिसला खरमरीत पत्र धाडलं. चौथ्या दिवशी निलंबन मागे घेतल्याचा कागद घेऊन मुकादम तिच्या दारात उभा.

"येते," ती म्हणाली. "पण ढीग त्यांच्या दारातच लागतील. अकरापर्यंत."

परवान्यांचा निकाल अजून लागलेला नाही. ढीग मात्र रोज लागतात, आणि अकरा वाजले की दुकानदार मुकाट्याने स्वतःच सुपली घेऊन बाहेर येतात.

माझ्या दारातली काच आता मी उचलतो. पहिल्याच पहाटे बोट कापलं. रक्त बघून तिने खराटा थांबवला.

"लिहून ठेव," ती म्हणाली आणि पुढे झाडत गेली.