पॉइंट नऊचा डोह

"आकडा बोलतो. आपण गप्प बसायचं." असं म्हणून आमचे प्राणिशास्त्राचे सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुढचा पाऊण तास स्वतःच बोलायचे. असा एखादा नमुना तुमच्याही स्टाफरूममध्ये असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

नव्वदच्या आसपास जळगावात आमच्या कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. सरांनी तिथेच ठाण मांडलं. पीएच.डी.चा विषय काय, तर पांझरा नदीत रोहू मासा कुठे सुखाने नांदेल. पाण्याची खोली, वेग, तापमान आणि तळाचे गोटे. प्रत्येकाला शून्य ते एक गुण द्यायचे, त्यांचा मेळ घालायचा, की झाली जागेची पत्रिका तयार. मुलीला स्थळ बघतानाही कोणी एवढी चौकशी करत नाही हो! मी रसायनशास्त्राचा मास्तर. "सर, माशाला विचारलंत का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मासा खोटं बोलेल, आकडा नाही."

मेहरूण भागात सरांच्या घराच्या दारावर नवी पाटी लागली होती. नावाआधी 'डॉ.' आधीच रंगवून घेतलेलं आणि त्यावर चिकटपट्टी. पदवी मिळाली की पट्टी काढायची, पेंटरला पुन्हा कुठे बोलवा! वहिनी बिचाऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लाजून अर्ध्या व्हायच्या.

मोजमापाला जायचं ते सरांच्या मेहुण्याच्या जीपमधून. मेहुणा पाटबंधारे खात्यात. धरणातून नदीला पाणी सोडलं की ते कुठवर पोचलं हे पाहायला त्याची जीप निघायची आणि मागच्या सीटवर आम्ही. सर पॅन्ट दुमडून पाण्यात, मी काठावर वांग्याच्या भरताच्या डब्याजवळ. शास्त्राची सेवा दोघांनीही मनापासून केली.

शिंदखेड्याच्या बाजूच्या एका डोहाला पॉइंट नऊ गुण पडले. मग काय, सरांचे पाय जमिनीला लागेनात. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणून त्यांनी रोहूची बोटभर पिल्लं पिशव्यांतून आणली आणि त्या डोहात सोडली. ती जगली की डॉक्टरकी पक्की. गावातले मासेमारी करणारे नाना मदतीला होते. ते एवढंच म्हणाले, "पानी ऱ्हायनं ते जगतीन, सर."

उन्हाळ्यात पिल्लं बघायला गेलो तर डोहाचं डबकं झालेलं. चिखलात सगळी पिल्लं तडफडून मरत होती. नाना धावत आले, "सर, बठ्ठा मरी राह्यनात!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग मला म्हणाले, "आज आपण कशाने आलो?"

"एसटीने."

"जीप का मिळाली नाही?"

"नदीला पाणी सोडलेलं नाही म्हणून."

बोललो आणि माझ्याच लक्षात आलं. जीप निघायची तीच मुळी पाणी सोडल्यावर. इतकी वर्षं मोजली, पण सरांनी पांझरा कधी कोरडी पाहिलीच नव्हती.

मग त्या माणसाने बूट न काढता चिखलात उडी घेतली. आम्ही तिघांनी बादल्यांतून पिल्लं जवळच्या विहिरीकडे नेली, पण पोचेपर्यंत बहुतेक मेली. सर विहिरीच्या काठावर बसून ढसाढसा रडले. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

सरांचे पीएच.डी.चे गाईड म्हणाले, "मॉडेल झकास आहे. पिल्लांचं लिहू नका, सबमिट करून टाका." आमच्याकडे असेच सबमिट करून डॉक्टर झालेले लोक पुढे प्राचार्य झाले, आणि सत्काराला हार मीच आणलेत. सरांनी मात्र गाईडकडून प्रबंध परत घेतला आणि भर उन्हात एसटीने जाऊन सगळी नदी पुन्हा मोजायला काढली.

"कोरड्या वाळूत काय मोजता, सर?" मी टोमणा मारलाच.

"शून्य," ते म्हणाले. "तेही लिहावं लागतं."

प्रबंध पुरा झालाच नाही. सर गेल्याचं कळलं तेव्हा मेहरूणला धावलो. दारावरच्या पाटीची चिकटपट्टी उन्हाने सुटून लोंबत होती, 'डॉ.' उघडं पडलं होतं. वहिनी रडता रडता म्हणाल्या, "भाऊ, तेवढी पट्टी नीट लावा हो. ह्यांना नाही चालायचं."

मी उरलेली पट्टी ओढून काढली आणि खिशात घातली.