मुरुमात कालवलेली राख

मराठवाड्यातल्या माझ्या भावाबहिणींनो, कोळसा जाळून केलेली वीज दुसरीकडे जाते आणि वीजकेंद्राची राख आपल्या पदरात पडते. राखेच्या ट्रकमागून डोळे चोळत गाडी चालवली नाही, असं तुमच्यात कोण आहे? त्याच राखेत लोखंड, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, थोडे दुर्मिळ धातूही असतात, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. उमरीजवळच्या एका गावात अशा राखेचा मोठा ढीग पडून असल्याचं कळलं आणि मी निघालो.

सोबत बशीरभाई. लातूरच्या सराफ्यात सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी. आता तो केर मशीनवाले उचलतात. बशीरभाईंना राखेत नवा धंदा दिसत होता.

लातूरहून सकाळच्या एसटीने अहमदपूर गाठा, स्टँडवर गरम सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खा. पाणी मात्र घरून न्या. दुष्काळात हॉटेलवाला ग्लास अर्धाच भरतो. तिथून दुसऱ्या एसटीने नांदेड. नांदेडहून उमरीला रेल्वे स्वस्त पडते, पुढे रिक्षा.

रस्त्याच्या भरावातून उरलेली राख जुन्या खदानीत होती. बशीरभाईंनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवलं. काळे कण चिकटले. सरपंच शिवलिंगआप्पा हसले.

"काय भाई, कुणाचं मंगळसूत्र हुडकून राहिलाव?"

"लोखंड हाय, आप्पा. बाकीचा माल कारखान्याबिगर निघायचा न्हाई. पर हाय."

"कारखान्याला पाणी कुठलं? हितं टँकरची वाट बघून डोळे गेले."

"मंग आज काढू नका. नुसती ठेवा."

"ठेवून? नवा जिल्हा होऊन राहिला! एखादं हापिस हिकडं येईल, तर राखेत मुरूम कालवून जागा सपाट नको? कलेक्टरला काय ढिगावर बसवू?"

जमलेले गावकरी हसले. मी मात्र पेटलो. तिथंच उभा राहून बोललो: उडू नये म्हणून वरून ताडपत्री घाला, पण मुरूम कालवू नका, एकदा कालवला की धातू वेगळा काढणं कुणालाच परवडणार नाही. टाळ्या पडल्या. मग खदानीच्या काठावर मुरमाच्या ढिगाजवळ उभा असलेला जेसीबी सुरू झाला.

"साहेब," बशीरभाई हळूच म्हणाले, "टाळ्या वाजवणारेच जेसीबीला वाट दाखवून राहिले."

आम्ही परतलो. नंतर आप्पांनी फोनवर फोटो पाठवला: सपाट मैदान, मधोमध पाटी, 'नियोजित शासकीय कार्यालय'. जिल्हा अजून झालेला नाही. बशीरभाई डाळमिलमध्ये पोती शिवतात. माझं भाषण गावाला आवडलं होतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्या शिवारात राख पडली असेल, तर येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि एवढा एकच ठराव मंजूर करून घ्या: धातूंची तपासणी झाल्याशिवाय या राखेत मुरूम पडणार नाही.