नातवाचा कान मी बसवला नाही

माझ्या नातवाचा जन्मतः दुमडलेला कान मी माझ्या हातांनी बसवला, असं पेणपासून रोह्यापर्यंत बऱ्याच घरांत सांगतात. ते खोटं आहे. सुरू मीच केलं आणि पुढे मला ते आवडू लागलं. आता खरं काय ते लिहून टाकतो.

माझा सारा जन्म पेणच्या गणपती कारखान्यात गेला. लेक रोह्यात, नदीपलीकडच्या अष्टमीत दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा झाला. त्याच्या डाव्या कानाची वरची कड खाली मुडपलेली होती, वहीच्या पानाचा कोपरा मुडपावा तशी. विहीणबाई नातवाला बघायला आल्या. दुपटं सारून त्यांनी आधी कान पाहिला आणि मग माझ्या लेकीकडे पाहिलं.

"ग्रहणात काय दुमडलंस गो?"

"काही नाही, आई."

"पदर तरी दुमडला असशील. नायतर टॉवेल."

लेक रडायला लागली. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि व्याहीबुवा, तुमी एवढ्या मूर्ती करता, घरच्या कानाकडं लक्ष नाय?" जणू बाळ आमच्याच कारखान्यातून घाईत बाहेर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि लेक बाळाला पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी ग्रहणाची चौकशी केली नाही. म्हणाले, जन्मल्यावर पहिले काही दिवस कान फार मऊ असतो. आत्ताच आकार देऊन धरून ठेवला तर तो तसाच राहतो. दोन-तीन आठवडे गेले की कान घट्ट होत जातो आणि मग मोठेपणी ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. त्यांनी दुमडीत एक बारीक मऊ नळी बसवली, वरून चिकटपट्ट्या लावल्या आणि दर आठवड्याला दाखवायला सांगितलं. एवढाच तो चमत्कार.

पंचाईत पुढेच होती. बारशाला विहीणबाई येणार. तान्ह्या पोराला औषधाच्या दुकानातलं काही चिकटवायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलेलं. लेक म्हणाली, "बाबा, पट्टी तुम्हीच लावलीय म्हणून सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. "मूर्तीचा कान सुकेपर्यंत आम्ही असाच आधार देतो," असंही वर जोडलं, कोणी न विचारता.

विहीणबाईंनी हात जोडले. "गणपती घडवणारा हात हाय. कोण हात लावू नका रे." बारशाच्या दिवशी बाळाच्या आत्या नाव सांगायला ओळीने पुढे आल्या, तेव्हा विहीणबाई पाळण्याच्या डाव्या बाजूला पोलिसासारख्या उभ्या. सगळ्यांनी उजव्याच कानात कुर्र केलं.

इथे कारखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मूर्तीचे कान साच्यातून तयार निघतात. मी आखणीवाला, म्हणजे डोळे रेखाटणारा. कानाला मी रंगापलीकडे कधी काही केलं नाही. आणि केलं असतं तरी ते कान हत्तीचे. हे विहीणबाईंच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही.

कान सुरेख बसला. विहीणबाईंनी ती बातमी अष्टमीचा पूल ओलांडून साऱ्या रोह्यात नेली. लग्नाकार्यात लोक मला पोरांचे कान दाखवू लागले. सत्तरीतल्या एका गृहस्थांनी मला मांडवाच्या मागे नेऊन स्वतःचे बाहेर आलेले कान दाखवले आणि काही होईल का विचारलं. मी ते दाबून पाहिले आणि "आता जून झालेत" म्हणालो. ते समाधानाने जेवायला बसले.

मग एका श्रावणात विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या निडी गावच्या भाचीला मुलगी झाली होती. "कान अगदी आपल्या पोरासारखा हाय. कधी आणू?"

"आजच डॉक्टरकडे न्या" एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या हातात ब्रश होता, समोर डोळ्यांवाचून खोळंबलेले गणपती होते आणि आजूबाजूची रंगारी मंडळी कान देऊन ऐकत होती. मी सावकाश म्हणालो, "आत्ता सीझन आहे. गणपती झाल्यावर आणा." फोन ठेवताना मला आपण मुंबईचे मोठे डॉक्टर असल्यासारखं वाटलं. आमच्या भागात सीझनमध्ये मूर्तिकाराला कोणी त्रास देत नाही. ते बिचारे थांबले.

अनंत चतुर्दशी उलटल्यावर विहीणबाई, भाची आणि दोन महिन्यांची पोर असे सगळे नारळ घेऊन आले. मी पोरीच्या कानाची कड बोटाने वर केली आणि सोडली. ती परत खाली येऊन बसली. पुन्हा केली, पुन्हा तेच.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, नळी, पट्ट्या, सगळं.

विहीणबाई कौतुकाने हसल्या. "मोठी माणसं अशीच बोलतात."

"विहीणबाई, मी जन्मभर डोळे रेखाटले. कान साच्यातून येतात. आणि तेही हत्तीचे."

"हत्तीचे जमतात, तर माणसाचा केवढासा."

भाची हसत नव्हती. "म्हंजे आमी फुकट थांबलो?" तिने विचारलं.

त्याच दिवशी गाडी करून सगळे पनवेलला गेलो. डॉक्टरांनी कान पाहिला. ऐकू नीट येतंय, काळजी नाही, पण पट्टीची वेळ गेली, म्हणाले. हवं तर पाच-सहा वर्षांची झाल्यावर ऑपरेशन करता येईल. "आधी का नाही आणलंत?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत होतो. मग म्हणालो, "मी थांबवलं."

परतताना पेण येईपर्यंत विहीणबाई पोरीच्या कानाची कड बोटाने वर करून सोडून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग ग्रहणाचं पण खोटंच का?"

"ते खोटं तुमचं," मी म्हणालो.

आता त्या कोणाच्याही घरी बाळ झालं की बारशाची वाट न बघता जातात, आधी दोन्ही कान बघतात, आणि शंका आली तर घरच्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे हाकलतात. "आमच्या व्याह्यानं एका पोरीचा कान घालवला," असं त्या तिथे मोठ्याने सांगतात. सांगू देत. पण रोह्यात निम्म्या लोकांना अजून पहिलीच गोष्ट आवडते, म्हणून हे लिहिणं.

त्या दिवशी पेणला मी गाडीतून उतरलो तेव्हा भाचीने काच खाली केली. "आजोबा, हिचं आपरेशन होईल तेवा तुमी यायचं. शेजारी बसायचं. आन तवर मरायचं नाय."

मी हो म्हणालो. पोर आता बालवाडीत जाते. तिची आई तिच्या दोन घट्ट वेण्या घालते, कान झाकत नाही. मला बीपी आहे, आणि सकाळची गोळी घेतली का हे विचारायला निडीहून रोज फोन येतो.