डावीकडे पाहणारे अकरा बैल

भोसरीत दौलतरावांनी रंगवलेले बैल मी एका रविवारी मुद्दाम हिंडून मोजले. अकरा भरले. एक चावडीवर, एक पिठाच्या गिरणीवर, बाकीचे लोकांच्या ओसरीवर नाहीतर गोठ्याच्या भिंतीवर. अंग गेरूचं, शिंगं पिवळी, गळ्यात घुंगरांची माळ. आणि अकराच्या अकरा बैलांची तोंडं डावीकडे.

मी वाणिज्य शिकलेला माणूस. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, असं गावानं मला अनेकदा सांगितलं आहे. पण डावं-उजवं मला कळतं. दाराच्या दोन्ही अंगांना चित्र हवं असलं, की दौलतराव उजव्या अंगाला बैल काढत आणि डाव्या अंगाला तुळशीवृंदावन. वृंदावनाला तोंड नसतं, त्यामुळे ते कुठे पाहतं हा प्रश्न येत नाही. तीस वर्षं हे गावाच्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि गाव म्हणत होतं, "दौलतरावाच्या अंगातच कला हाय."

ही कला अंगात शिरली ती अशी. दौलतराव दुसरीत असताना शाळा तपासायला एक साहेब आले. पोरानं कोळशानं भिंतीवर बैल काढला होता. साहेबांनी काठीनं बैल दाखवून म्हटलं, "ही जन्मजात देणगी आहे." साहेब घोड्यावर बसून निघून गेले. त्यांना ते वाक्य संध्याकाळपर्यंतही आठवलं नसेल. पण गुरुजींनी त्या दिवसापासून दौलतरावांना अक्षरं माफ केली. शेवटी आठवण म्हणून पाटीवर 'चित्रकार दौलतराव' एवढं लिहून दिलं, आणि दौलतरावांनी तेही चित्रासारखं पाठ केलं. त्यातलं अक्षर कुठलं आणि काना कुठला, हे त्यांना परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. तो पहिला बैल डावीकडे पाहत होता. ज्याचं कौतुक झालं तोच पुन्हा काढावा, हा त्यांचा हिशेब. पुढे घोडा हवा असला तर ते त्याच बैलाची शिंगं गाळत, मान लांबवत आणि आयाळ लावत. पाठीवर वशिंडाचा उंचवटा थोडा राहायचाच.

पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात छप्पन साली मी भांडाराचा मुख्य कारकून म्हणून आलो आणि भोसरीत दौलतरावांच्या शेजारी खोली घेतली. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस. दिघीकडची जमीन लष्कराकडे गेलेली, उरलेल्या तुकड्यात त्यांची बायको शालनबाई राबत होती. दौलतराव खुरप्याला हात लावत नसत. कलावंताचा हात जड होतो म्हणे. ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कला अंगात कशी असावी लागते ते सांगत.

त्याच वर्षी आमच्याकडे पेंटरची एक जागा निघाली. औषधी द्रव्यांचे ड्रम आणि पेट्या यांच्यावर नंबर, नाव आणि धोक्याची सूचना लिहायची. कायमची नोकरी. बातमी गावात पोचली त्याच दिवशी शालनबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, येवढं काम त्यास्नी मिळू द्या. दोन वर्सं झाली, म्या एकटी वढतीया. आता पाठ उभी ऱ्हाईना."

मी दौलतरावांना म्हटलं, "जागा तुमची होईल. पण अक्षरं शिका. आमच्याकडे कोंडाजी म्हणून हमाल आहे, बीडकडचा. जेवणाच्या सुट्टीत मोडक्या खोक्यांच्या फळ्यांवर खडूनं अक्षरं गिरवतो. महिनाभर त्याच्याजवळ बसा. सराव होईल."

"सराव?" दौलतरावांनी मान मागे टाकली. "साहेब, सराव बैलाला लागतो, नांगराला जुपायच्या आधी. मला न्हाई."

तरी शालनबाईंनी एक दिवस त्यांना कारखान्यावर हाकललंच. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली कोंडाजी फळी मांडीवर घेऊन बसला होता. मोठी अक्षरं तो आधी कागदावर काढी, सुईनं रेघेवर भोकं पाडी आणि कागद फळीवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटी. फळीवर ठिपके उमटत, ठिपक्यांवरून ब्रश. याला तो खाका म्हणे.

"ही तर चोरी झाली," दौलतराव उभ्याउभ्या म्हणाले.

"माझंच अक्षर, मालक. माझीच चोरी." कोंडाजी हसला. "मला रोज गिरवावं लागतंय. कालचा 'ध' आज पुन्हा पडायलाय बघा."

"म्हंजी तुझ्यात न्हाईच ते. अंगात असावं लागतं, अंगात."

"माझ्या अंगात गोणीचं दुखणं आहे फकस्त."

बाजूचे हमाल फिदीफिदी हसले. दौलतराव तसेच घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत.

वैशाखात गावातल्या नानासाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगा चाकणचा. आमच्या मॅनेजरसाहेबांना आमंत्रण होतं आणि ते येणार होते. मी दौलतरावांना सांगून ठेवलं, "नानासाहेबांचं दार तुम्हीच रंगवणार. मॅनेजरसाहेब ते दार पाहतील. चांगलं दिसलं तर अक्षरं मागाहून शिकण्याची सवलत मी मागून घेईन." यापेक्षा जास्त माझ्या हातात नव्हतं, आणि खरं तर एवढंही नव्हतं.

पण नानासाहेबांना वृंदावन नको होतं.

"दोन्ही अंगाला घोडेस्वार पायजेल, दौलतराव. तरवार उपसलेले. आन् दोघांची तोंडं दाराकडं. पाव्हणं चाकणचं हायत, नावं ठेवत्याल."

"दोघांची?" दौलतरावांनी विचारलं.

"मग काय एकानं दाराकडं बघायचं आन् दुसऱ्यानं उकिरड्याकडं?"

दाराच्या उजव्या अंगाचा, डावीकडे पाहणारा स्वार दोन दिवसांत झाला. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जरी ती करताना मला आनंद होत नाही. तो घोडा जिवंत होता. वशिंडासकट जिवंत होता. नाकपुडी फुगलेली, एक खूर अधांतरी, आणि डोळा असा की आपण बाजूला सरकावं. स्वाराच्या उजव्या हातात तलवार, आणि खुराखाली पाटीवरून पाठ केलेलं नाव. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. एवढं ज्याला येतं त्यानं तीस वर्षं बैलाला कधी मान वळवायला सांगू नये, याचा मला संतापच आला.

डाव्या अंगाला मात्र काही होईना. पहिल्या दिवशी दौलतरावांनी चुना ओला आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी ऊन फार आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भिंतीपुढे सतरंजी टांगली. कलावंताला नजर लागते म्हणे. नानासाहेबांनी गावाला दम भरला, "कुणी सतरंजीकडं बघायचं न्हाई." गाव भक्तिभावानं दुसरीकडे पाहू लागलं. त्याच सुमारास कोंडाजीची कोळशाची पुरचुंडी लिंबाखालून नाहीशी झाली. त्यानं कुणाला विचारलंही नाही, दुसरी बांधली.

लग्नाच्या दिवशी सकाळी सतरंजी उतरली. दाराच्या दोन्ही अंगांना दोन घोडे, तोंडाला तोंड, केसाचा फरक नाही. लोकांनी "वा! वा!" केलं. मॅनेजरसाहेब मोटारीतून उतरले, दारापाशी थांबले आणि त्यांनी मान डोलावली. शालनबाई बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात चाकणकडचा एक म्हातारा पुढे झाला, डावीकडच्या स्वाराला न्याहाळून म्हणाला, "आरं, ह्यो सरदार डावखुरा कसा?"

तलवार डाव्या हातात होती.

"आसत्यात की काही डावखुरे," नानासाहेब म्हणाले. "लढाईत काय उजवंच आसावं लागतं व्हय?"

एवढ्यावर निभलं असतं. पण गावचा न्हावी भैरू नवरदेवाची दाढी उरकून धोकटी काखेत मारून उभा होता. त्याला अक्षरओळख होती आणि ती दाखवायची हौस होती. तो घोड्याच्या खुराखाली वाकला, पुटपुटला, पुन्हा पुटपुटला, मग त्यानं धोकटीतून आरसा काढला आणि भिंतीसमोर धरला.

"आरशात बघा रं! आरशात बराबर हाय! चित्रकार दौलतराव!"

मांडवात जो हशा उठला तो वाजंत्र्यांनाही ऐकू गेला असावा, कारण सनई थांबली. दौलतरावांनी उजवीकडचा स्वार तेलकट कागदावर उतरवून घेतला होता, बाभळीच्या काट्यानं भोकं पाडली होती, कागद उलटा करून डाव्या भिंतीवर कोळसा आपटला होता आणि ठिपक्यांवरून इमानानं ब्रश फिरवला होता. तलवारीवरून फिरवला तसाच नावावरूनही. अक्षरं येत असती तर हात तिथे थांबला असता. ते स्वतः आरशात वाकून पाहत होते आणि लोक का हसतात ते त्यांना अजून कळलं नव्हतं. ते मला सांगावं लागलं.

मॅनेजरसाहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, पण आरसा कळला. ते मला हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या ड्रमवर 'विष' हा माणूस कोणत्या बाजूनं लिहील?" दुसऱ्या आठवड्यात कोंडाजीची नेमणूक झाली.

गावाचं काय सांगावं? ज्यांनी तीस वर्षं अंगातली कला अंगातली कला म्हणून टाळ कुटले, तेच आता म्हणू लागले, "त्याला येत काय व्हतं? एक बैल!" बैल डावीकडेच पाहतात हा शोध एका दिवसात सर्वांना लागला. गिरणीवाल्यानं तर आपला बैल चुन्यानं पुसून टाकला. तो बैल चांगला होता. दौलतराव ओसरीवर दिसेनासे झाले आणि शालनबाई पूर्वीसारख्याच पहाटे शेतावर जात राहिल्या. माझ्या दाराकडे मात्र त्या पाहत नसत.

सरावाचा विजय झाला म्हणून मी खूश होतो, ती खुशी दोन महिने टिकली. कोंडाजीची अक्षरं बिडातून ओतल्यासारखी येत होती. पण विषारी मालावर कवटी काढायचा हुकूम आला आणि कोंडाजीनं जी काढली ती कवठासारखी दिसली. पन्नास वेळा गिरवूनही कवठच. हमाल त्या ड्रमांना 'मुरंबा' म्हणू लागले आणि मुरंब्यासारखेच गडगडत नेऊ लागले.

कोंडाजी स्वतःच माझ्याकडे आला. "साहेब, अक्षर गिरवून येतंय. ह्ये गिरवून येईना. दौलतरावांना विचारा."

"तुझी पुरचुंडी चोरणाऱ्याला?"

"त्याच्या घोड्याचा डोळा बघितलाव का तुम्ही?" तो म्हणाला.

मी संध्याकाळी गेलो. शालनबाईंनी गोठ्याच्या मागच्या बाजूला हात केला. तिथे भिंतीवर वरपासून खालपर्यंत कोळशानं बैल काढले होते, आणि सगळे उजवीकडे पाहत होते. पहिल्या ओळीतले बैल पाहवत नव्हते. एखाद्याचा जबडा मोडलेला, एखाद्याचे चारही पाय एकाच अंगाला. दुसरीतल्या पोरानं लाजावं असे. ज्याला जन्मजात देणगी होती त्या माणसाचे हे बैल.

"रोज काढत्यात," शालनबाई म्हणाल्या, "आन् म्या सारवायच्या आधी पुसत्यात. आज तुमी येळंच्या आधी आलात."

दौलतराव कोळसा हातात धरून उभे राहिले. मी काम सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कवटीचं तोंड कुठल्या अंगाला?"

"समोर," मी म्हटलं.

आयुष्यात त्यांनी समोर पाहणारं काही काढलं नव्हतं.

"आठ दिस द्या, साहेब," ते म्हणाले. "सराव करावा लागंल."

नवव्या दिवशी ते कारखान्याच्या फाटकावर आले. बरोबर रद्दी कागदांचं बोचकं होतं. साठ-सत्तर कवट्या असतील. बहुतेक टाकाऊ होत्या आणि मी ते तिथेच स्पष्ट सांगितलं. तळाशी एक होती. ती समोर पाहत होती, अगदी किंचित डावीकडे, आणि तिच्या खोबणीत असं काही होतं की कागद मी पटकन टेबलावर ठेवला. कोंडाजीनं तिच्यावरून पत्र्याचा साचा कापला. दुसऱ्या दिवशी त्या ड्रमांना हमालांनी दोघादोघांनी उचललं आणि जमिनीवर ठेवताना श्वास धरला. मुरंबा हे नाव त्या दिवसापासून बंद झालं. मॅनेजरसाहेबांनी दौलतरावांना कामावर घेतलं, पण पेंटर म्हणून नाही, पेंटरच्या हाताखालचा माणूस म्हणून. हमालाच्या हाताखाली जन्मजात कलावंत! मला वाटलं, आता मान मागे जाईल. गेली नाही. शालनबाईंचं नाव काढून ते म्हणाले, "तिला सांगून येतो," आणि कधी नव्हे ते भरभर चालत गेले.

आता ते लिंबाखाली कोंडाजीजवळ बसून 'ध' गिरवतात. तो अजून पडतो. मी येत्या वर्षी निवृत्त होईन, तोवर तो उभा राहील अशी मला आशा नाही.

साचा तयार झाला त्या दिवशी कोंडाजी त्यांना म्हणाला होता, "मालक, कोपऱ्यात नाव टाका की. कवटी तुमची आहे."

दौलतरावांनी पत्रा उचलून उजेडाला धरला, एका बाजूनं पाहिला, फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिला.

"नगं," ते म्हणाले. "साचा हाय. कुणी उलटा धरला म्हंजी?"