मेनू कोणी ठरवला

मला मेनू ठरवायची हौस आहे, आणि त्याहून जास्त हौस तो मीच ठरवला हे चारचौघांना कळण्याची. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत माझ्याकडच्या जेवणांची चर्चा होते, निदान मला तरी तसं वाटतं.

शाळेतल्या आमच्या थोरल्या मॅडमना जेवायला बोलवायचं ठरलं, तेव्हा मी दोन दिवस आधीच कागद-पेन घेऊन बसले. त्यांचे यजमान गेल्यापासून वर्षभर त्या कोणाकडे जेवायला गेल्या नव्हत्या. स्टाफरूममध्येसुद्धा डबा उघडून नुसत्या बसायच्या. मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध आटोपलं आणि माझ्या चौथ्या आग्रहाला त्या हो म्हणाल्या. एकदा आपल्याकडे पोटभर जेवल्या की त्या पुन्हा माणसांत येतील, असं मी धरून चालले होते.

पनीर सगळीकडेच असतं, म्हणून खोडलं. मॅडमना कढी आवडते, म्हणून कढी. कढीबरोबर उडदाचे वडे. गुलाबजाम बाजारू वाटले, म्हणून तांदळाची खीर. पवनारहून येणाऱ्या भाजीवालीकडे गवारीच्या शेंगा कोवळ्या मिळाल्या, आणि कोहळं घरात होतंच. एकेका पदार्थाचा असा विचार करून मी यादी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली.

जेवणाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "खीर अन् वडे संगंच करून राह्यली का तू?"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. दर वेळी तुम्ही काहीतरी खोट काढता, या वेळी माझं मला करू द्या, असं चांगलं ठणकावून सांगितलं. त्या कोहळं चिरायला बसल्या.

संध्याकाळी मॅडम आल्या. हसत होत्या, साडीही फिकट का होईना पण रंगाची नेसल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात ताट वाढलं. त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्या काय बघताहेत म्हणून मीही ताटाकडे पाहिलं. कढी, वडे, खीर, गवार, कोहळं. ते पितरांचं पान होतं. कावळ्याला घास ठेवायचा तेवढा राहिला होता.

"मागच्या महिन्यात त्यायच्या नावानं असंच पान वाढलं होतं मी," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

आणि मी म्हणाले, "मेनू आईंनी ठरवला."

मला विचारही करावा लागला नाही, तोंडातून सरळ निघून गेलं. माझ्या अक्षरातली यादी फ्रिजवर होती, मॅडमच्या पाठीमागे. माझ्या नवऱ्याला ती समोर दिसत होती. त्याने मान खाली घातली. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो बाई," त्या मॅडमना म्हणाल्या. "म्हातारपणी ध्यान नाई राह्यत. माफ करजो."

मग त्यांनी ते ताट उचलून आत नेलं आणि झुणका टाकला. मॅडम झुणक्याबरोबर अर्धी पोळी खाऊन उठल्या. आठच्या आत त्या ऑटोत बसून गेल्या.

मी माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई ओटा पुसत होत्या. मी विचारलं, "आई, उरलेल्या खिरीचं काय करू?" त्या म्हणाल्या, फ्रिजमध्ये ठेव. मी ठेवली आणि बाहेर आले. एवढंच जमलं मला.

सोमवारी स्टाफरूममध्ये मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. तुझ्या सासूले सांगजो, मी मनावर नाई घेतलं, म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाले लागून राहते, याची त्यांना काळजी वाटत होती. मी सांगते म्हणाले.

घरी आल्यावर मी सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

दोन दिवसांनी मॅडमनी विचारलं, सांगितलं का? मी हो म्हणाले.

"मंग काय म्हणाल्या?"

"त्यांना बरं वाटलं," मी म्हणाले.